कोनाच्या हातानं?

आपल्या मराठीत वस्तू आपल्या आपण फुटतात. कप फुटतो, किल्ली हरवते, दूध उतू जातं, निरोप द्यायचा राहून जातो. करणारा कुठे दिसतच नाही. मी मॅट्रिकपर्यंत व्याकरण घोकलं, कर्ता-कर्म-क्रियापद झोपेतसुद्धा सांगितलं असतं, पण भाषेची ही चलाखी मला दाखवली ती अक्षरओळख नसलेल्या एका बाईने. कौतिकाबाई तिचं नाव. सौंदडच्या स्टेशनाजवळ तेव्हा एक धानाची मिल होती. दुसरी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. त्या मिलच्या पटांगणावर धान वाळवणाऱ्या वीस-बावीस बायांची ती मेटीन, म्हणजे टोळीची प्रमुख होती.

तिचं घरदार, नवरा, शेतीवाडी याबद्दल मला फारसं ठाऊक नाही आणि तेव्हा विचारायचं सुचलंही नाही. उंच, हडकुळी बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर पदर घट्ट बांधलेला. घरी पोवारी बोलायची, बायांशी झाडीबोली, मिलमालक शेठजींशी हिंदी, आणि तिन्हींमध्ये सारखंच कमी बोलायची. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. मी तर दिवसभर कोकलत असायचो.

मी म्हणजे भंडाऱ्याहून आलेला नवा बाबू. वय बावीस, पायात बूट, खिशात पेन आणि डोक्यात हवा. शेठजींनी मला पटांगणावर देखरेखीला ठेवलं होतं. देखरेख म्हणजे व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचं आणि बायांवर डाफरायचं, अशी माझी समजूत. आमच्याकडे उसना, म्हणजे उकडा तांदूळ निघायचा. धान आधी मोठ्या हौदात भिजत घालायचं, मग त्याला वाफ द्यायची, मग पटांगणावर पसरून उन्हात वाळवायचं. बाया त्या धानातून पाय घासत ओळीने चालायच्या, म्हणजे खालचं वर यायचं. पटांगणावर उतरायचं तर पायातलं काढावं लागायचं. बूट काढायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी उतरतच नसे.

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी कोपऱ्यातल्या निंबाखाली बाया गोल बसायच्या. मध्ये पेजेचा गंज, म्हणजे मोठं पातेलं. पेज वाढायच्या आधी कौतिकाबाई सगळ्यांत पहिल्यांदा स्वतःचं सांगायची, काल आपल्या हातून काय चुकलं ते. मग ज्यांना सांगायचं त्या सांगायच्या. आणि जिने सांगितलं, तिला पेजेचा वाडगा पहिला. मला ही पद्धत वेडेपणाची वाटली होती. चुकलेल्याला बक्षीस द्यायचं म्हणजे काय? शाळेत तर आम्हाला छड्या मिळायच्या.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एक बाई म्हणाली, "काल सूप फुटलं."

"सूप काय सोताच्या मनानं फुटलं व?" कौतिकाबाईने विचारलं. "कोनाच्या हातानं?"

"माह्या."

"मंग तसं सांग ना."

"माह्या हातानं फुटलं."

बस. एवढंच. तिच्यापुढे पेजेचा वाडगा आला, दुपारी कौतिकाबाईने स्वतः बसून सूप सांधून दिलं आणि विषय संपला. दुसऱ्या एकीने दिवसभरात सुपावरून टोमणा मारला तेव्हा मात्र कौतिकाबाई थांबली. "सकाळचं सकाळी मेलं," एवढंच ती म्हणाली, आणि टोमणा मारणारी खाली मान घालून धानातून चालू लागली. ते वाक्य मी पुढे पुष्कळदा ऐकलं. चूक सांगितली की ती मेली. जी सांगितली नाही, ती मात्र जिवंत राहते आणि कधीतरी डसते, असा तिचा हिशेब असावा. तिने असं काही समजावून सांगितलं नाही, हे माझं आपलं आहे.

आता जिथे पेज पहिली मिळते तिथे लबाडी आलीच. सायतरा नावाची एक म्हातारी होती, बडबडी आणि खादाड. ती रोज उठून काहीतरी चूक सांगायची. आज म्हणे झाडताना कोपरा सुटला, उद्या म्हणे धान ओढायचं दांताळं उन्हात पडून राहिलं. सगळ्या बायांना ठाऊक होतं की म्हातारी थापा मारते. कौतिकाबाई तिला गुमान वाडगा द्यायची आणि म्हणायची, "बरं मावशी, तो कोपरा सुटला ना? आज तोच झाडून घ्या." न सुटलेला कोपरा म्हातारी भर उन्हात पुन्हा झाडायची. आठ दिवसांत तिच्या हातून चुका होणं एकदम थांबलं. बाया इतक्या हसल्या की मलाही व्हरांड्यात तोंड फिरवून हसावं लागलं.

नव्या बाईला कौतिकाबाई पहिल्या दिवशी काम देत नसे. डोळे मिटून वाळत घातलेल्या धानावर चालायला लावायची. ओलं धान तळव्याला थंड आणि जरा चिकट लागतं, वाळलेलं टोचतं. "मले कायले विचारतेस? पायाले विचार," असं म्हणायची. दिवसभर चालून संध्याकाळी तिने विचारायचं, की कोणता पट्टा वाळला? बाईने चुकीचा दाखवला तरी ती नाही म्हणायची नाही. त्या पट्ट्यातला एक दाणा उचलून तिच्याच दातांखाली द्यायची. वाळला असला तर दाणा कट् करून तुटतो, नसला तर दबतो. आपली चूक आपल्याच तोंडात कळायची. मी बाबू असून मला हे पहिल्या तीन महिन्यांत येत नव्हतं. मी ढिगाकडे बघून अंदाज ठोकायचो आणि बाया हो हो म्हणून आपलं जे करायचं तेच करायच्या.

एकदा पुसात, म्हणजे पौषात, अवेळी आभाळ भरून आलं. पटांगणभर धान पसरलेलं. बाया धावल्या, ढीग ओढले, ताडपत्र्या टाकल्या. शेठजी व्हरांड्यातून ओरडत होते, मीही ओरडत होतो. आमच्या ओरडण्याचा उपयोग एवढाच झाला की दोन बाया एकच ताडपत्री दोन बाजूंना ओढत बसल्या. शेवटचा एक ढीग उरला होता आणि स्टेशनच्या बाजूला वीज कडाडली. कौतिकाबाईने हातातलं दांताळं टाकलं आणि सगळ्यांना आत हाकललं. शेठजी म्हणत होते, वह ढेर भी, वह ढेर भी. ती ऐकेना. दारात उभी राहून तिने बाया मोजल्या. "धान वाळते," ती मला म्हणाली, "बाई वाळत नाही." मी व्हरांड्यातून भिजत्या ढिगाकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी मुद्दाम निंबाजवळ येऊन उभे राहिले. कौतिकाबाईने नेहमीसारखी सुरुवात केली. "काल एक ढीग भिजला. माह्या हातानं भिजला. पुन्हा तसंच आभाळ आलं तं पुन्हा तसंच करीन." शेठजी भिजलेल्या ढिगाकडे एकदा बघून निघून गेले. पण त्यानंतर आभाळ आलं की ते ओरडत नसत. मी मात्र ओरडायचो. मला अक्कल यायला अजून वेळ होता.

ती कशी आली ते आता सांगतो, आणि सांगताना अजूनही कानशिलं गरम होतात.

हौदाचं काम बिरजाकडे होतं. बिरजा ही विशीतली मुलगी, नवरा गेलेला, घरी सासू आणि एक लहान पोर. मिलच्या कामावरच तिघांचं चालायचं. भिजत घातलेल्या धानातलं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी सोडून नवं भरायचं असतं. नाही बदललं तर धान आंबतं, वास मारतं, आणि तो वास मग तांदळातून जात नाही. बदलायच्या आधी बाबूला विचारायचं, कारण पाणी विहिरीवरच्या पंपाने यायचं आणि पंप कधी चालवायचा ते मी ठरवायचो.

त्या दुपारी मी नियम लिहीत होतो. मिलला शिस्त लावायची म्हणून एका मोठ्या पुठ्ठ्यावर बोरूने, बालबोध वळणदार अक्षरात अकरा नियम. वाचणार कोण, तर वीस-बावीस बाया, ज्यांतल्या एकीलाही वाचता येत नव्हतं! पण माझी शिस्त चालली होती. नववा नियम होता, 'प्रत्येकाने आपले काम वेळच्या वेळी करावे.' नेमका तो लिहिताना बिरजा आली आणि विचारू लागली, पाणी सोडू का? माझ्या बोरूची शाई सुकत होती. मी मान वर न करता म्हणालो, "राहू दे, उद्या बघू." ती क्षणभर उभी राहिली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदात वाफ सोडली आणि सगळ्या मिलभर असा आंबूस भपका पसरला की स्टेशनावरचा पोर्टर चौकशीला आला. शेठजी नाकाला उपरणं लावून आले. मला विचारलं, "बाबू, यह कैसे हुआ?"

मी म्हणालो, "पाणी बदलायचं राहून गेलं."

बघा, खोटं एक अक्षर नाही त्यात. राहून गेलं. पण हौदाचं काम कोणाचं, हे शेठजींना ठाऊक होतं. त्यांनी बिरजाला बोलावलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. बिरजाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून बसलो. तिला वाटलं असेल, बाबू आता बोलेल. तिने स्वतः तोंड उघडलं नाही, कारण शेठसमोर बाबूला खोटं पाडायचं तर तिचं कोण ऐकणार? ती भाकरीचं फडकं उचलून गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, पण म्हणून काही मी शेठजींकडेही गेलो नाही. नोकरी जाईल ही भीती होती. खरं सांगायचं तर तिच्याहून मोठी भीती बायांपुढे नाचक्की होईल याची होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाया गोल बसल्या. एक जागा रिकामी होती आणि तिथे कोणी सरकलं नव्हतं. मी व्हरांड्यात खुर्चीवर, कान तिकडे.

कौतिकाबाई म्हणाली, "परवा सांजेले मी हौदाजवळून गेली, तवाच मले वास आला. तवा पानी सोडलं असतं तं धान वाचलं असतं. बाबू लिहून राहिले होते. बोललं तं खेकसतीन म्हनून मी बोलली नाही. माह्या हातानं झालं."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. गंजाकडे पाहत होती. बिरजाला मी काय सांगितलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. बिरजाने गावातही कोणाला सांगितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मग दुसरी म्हणाली, तिलाही वास आला होता, ती नाक दाबून गेली. तिसरी म्हणाली, तिने तर हात घालून पाहिला, पाणी फेसाळलं होतं. सायतरा म्हातारीसुद्धा म्हणाली की तिला कळलं होतं, आणि या वेळी ती थापा मारत नव्हती. एकेक करून पाच-सहा बाया बोलल्या. सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. का, तर बाबू खेकसतो. तोवर मी समजत होतो की माझा दरारा आहे म्हणून मिल चालते. त्या दरार्‍याने अख्खा हौद नासवला होता.

मी बूट काढले. अनवाणी पटांगण ओलांडून गेलो, तळवे नाजूक, खडे टोचत होते. कोणी बस म्हणालं नाही, कोणी सरकलंही नाही. मी उभ्यानेच बोललो.

"बिरजा मला विचारायला आली होती. मीच राहू दे म्हणालो. माझ्या हातानं झालं."

कौतिकाबाईने वाडगा भरला आणि माझ्यापुढे धरला. बाबूने बायांच्या गंजातली पेज प्यायची, ही त्या काळी आमच्याकडे न होणारी गोष्ट.

"प्या," ती म्हणाली. "आता शेठकडे जायचं हाये तुमाले. पोटात काही असलं का मानूस खरं बोलते."

मी प्यायलो आणि गेलो. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा माझ्यावरचा राग त्यांच्या कपाळावर दिसत होता. पण बोलले शांतपणे. "लड़की को आज ही बुला लो। और तुम कुर्सी छोड़ो, कौतिका के हाथ के नीचे काम करो। सीख गए तो रखूँगा।" बिरजाच्या घरी मी स्वतः गेलो. ती दारात आली, ऐकलं, आणि पोराला सासूकडे देऊन तशीच माझ्यापुढे चालू लागली. मला एक शब्द बोलली नाही. तिचं बरोबरच होतं. पुढे पंधरा दिवस ती पाणी बदलायला विचारायला यायची तेव्हा उत्तराची वाट पाहत माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची, आणि मी हातातलं काम टाकून हौदापर्यंत जाऊन यायचो.

पुढचे दोन महिने मी कौतिकाबाईच्या हाताखाली काढले. पायाला भेगा पडल्या, दाणे चावून चावून दात आंबले. माझ्या आयुष्यातली खरी शाळा ती. तिने मला वेगळं काही शिकवलं नाही, बायांना शिकवायची तेच शिकवलं. पहिल्या संध्याकाळी मी चुकीचा पट्टा दाखवला आणि तिने एक दाणा माझ्या हातावर ठेवला. दबला. बाया हसल्या, मीही हसलो. नियमांचा पुठ्ठा मी कधी टांगला नाही, एका पावसाळ्यात तो गळक्या कौलाखाली लावला. मला ती कधी रागावली नाही, कधी पाठ थोपटली नाही. पण एक दिवस एक अनोळखी गाडीवान पटांगणावर येऊन विचारू लागला की इथे बाबू कोण आहे, तर तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तो का, पायानं धान पाहून राहिला तो." त्या दिवशी मी आईला पत्र लिहिलं.

पुढे मी गोंदियाला गेलो. एका मिलमधून दुसरीत, असं करत एका मोठ्या मिलचा मॅनेजर झालो. लोक म्हणायचे, तुमच्या मिलमध्ये भांडणं कशी नाहीत, माल कसा नासत नाही, माणसं सोडून कशी जात नाहीत? मी सौंदडच्या एका बाईचं नाव सांगायचो आणि त्यांना ती थट्टा वाटायची.

तिची माझी शेवटची भेट इंग्रज गेले त्या वर्षी, उन्हाळ्यात झाली. धान पाहायला मी सौंदडकडे गेलो होतो. बरोबर आमच्या गोंदियाच्या पटांगणाची मेटीन सगुणाबाई होती, दाण्याची तिच्याइतकी पारख आमच्याकडे कोणालाच नव्हती. दुपारी परतताना स्टेशनावर बाकावर कौतिकाबाई बसलेली दिसली. शेजारी गाठोडं. मी भर फलाटावर वाकून तिच्या पाया पडलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, तिने मला आवाजावरून ओळखलं. आता मिल सुटली होती, लेक अर्जुनीला होती, तिच्याकडे कायमची राहायला चालली होती.

मी तिच्याजवळ बसून परीक्षेला बसलेल्या पोरासारखा धडाधड सगळं सांगत सुटलो. आमच्या मिलमध्येही सकाळी सगळे गोल बसतात, मी आधी माझी चूक सांगतो, मग बाकीचे सांगतात. हे सगळं तुमचं आहे, असंही म्हणालो. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाया तुमच्या तोंडावर बोलतात का, बाबू?"

"बोलतात ना," मी म्हणालो. छाती थोडी फुगलीच होती.

तिने मान सगुणाबाईच्या बाजूला वळवली. "का व बाई? बाबू चुकला तं सांगतेस त्याले?"

सगुणाबाईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हाव, सांगतो ना आमी."

मोतीबिंदूच्या डोळ्यांना ते पाहणं दिसलं नसेल, पण मधलं थांबणं ऐकू आलं असणार. कौतिकाबाई गालात हसली. "बाबू," ती म्हणाली, "तुमी जरा तिकडं फिरून या."

मी उठलो आणि फलाटाच्या टोकापर्यंत गेलो. तिथून वळून पाहिलं. सगुणाबाई बोलत होती. आधी पदराआडून, मग हातवारे करत, मग बाकावर मांडी घालून. कौतिकाबाई तिच्याकडे कान देऊन, मान हलवत ऐकत होती. मी पाणी प्यालो, परत टोकापर्यंत चकरा मारल्या, सगुणाबाईचं चालूच. अर्जुनीची गाडी आली तेव्हा ती कौतिकाबाईचं गाठोडं डब्यात चढवतानाही बोलत होती. मी धावत गेलो, गाडी हलली होती. कौतिकाबाईने खिडकीतून माझ्या दिशेने अंदाजाने हात केला.

आमची गाडी पाऊण तासाने आली. डब्यात समोरासमोर बसलो. मी सगुणाबाईला म्हणालो, तिला जे सांगितलंस ते आता मला सांग. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि शेतांकडे बघत बसलो. एक स्टेशन गेलं, आणि ती बोलू लागली.

गोंदिया आलं तरी तिचं संपलं नव्हतं.